आमचं रक्त नेलंत, हाडं मोजलीत. आता आमचे अहवाल द्या

प्रति,
बेळगाव जिल्ह्यात आरोग्य, जनुकशास्त्र आणि पीकसंशोधनाचं काम करणाऱ्या संस्थांचे संचालक,
त्यांच्या एथिक्स कमिट्यांचे (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समित्यांचे) सर्व सदस्य,
आणि मा. जिल्हाधिकारी, बेळगाव

सादर नमस्कार.

आमच्या ग्रामपंचायतीला गेल्या महिन्यात एक इंग्रजी पत्र आलं. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी ते माझ्याकडे पाठवलं, कारण ते ज्या पथकाबद्दल होतं त्या पथकाला गावात घरोघर फिरवणारी मीच. पत्र चार ओळींचं आहे. अभ्यास पूर्ण झाला. सहकार्याबद्दल आभार. अभ्यासाच्या आराखड्यानुसार वैयक्तिक निष्कर्ष दिले जाणार नाहीत. उरलेले नमुने पुढील संशोधनासाठी जतन केले जातील. खाली सही आणि गोल शिक्का.

त्या संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही. एका संस्थेला उघडं पाडून आमच्या हाती काही लागणार नाही, आणि ही रीत एकाच संस्थेची आहे असंही मला वाटत नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि सगळ्यांदेखत.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. पथक आलं तेव्हा त्यांच्याकडची संमतिपत्रं कन्नड आणि इंग्रजीत होती. पथकातली मुलंमुली सालस होती, उन्हातान्हात हिंडत होती, पण मराठी एकालाही येत नव्हतं. आमच्या पन्नाशी उलटलेल्या बायकांना कन्नड येतं ते बाजारापुरतं आणि बसपुरतं. त्यामुळे संमतिपत्र वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. आहार, आनुवंशिकता आणि हाडं यांचा संबंध शोधायचा आहे, असं त्यात होतं. चाळिशीपुढच्या बायकांचं रक्त घेतलं. टाच एका यंत्रात ठेवून हाड मोजलं. आईला कुबड आलं होतं का, आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, पाळी कधी गेली, सगळं विचारलं. घरात जे धान्य खातात त्याची, म्हणजे नाचणीची आणि भाताची, पुडीसुद्धा नेली.

बायकांनी एकच प्रश्न विचारला होता. "रिपोर्ट मिळंल काय ओ बाई?" मी तो पथकाच्या प्रमुखांना विचारला. ते म्हणाले, मिळेल. मी तसं सांगितलं आणि अंगठे उमटले.

आता त्या बायका बाजारात, बसमध्ये, हळदीकुंकवात मला गाठतात. संस्थेचा पत्ता त्यांना ठाऊक नाही, माझं घर ठाऊक आहे. त्यांत माझ्या थोरल्या जाऊबाईही आहेत. मागच्या श्रावणात बांधावरून घसरून पडल्या आणि खुबा मोडला. बेळगावला शस्त्रक्रिया झाली, सळई बसवली, घरातली एक गाय विकली. एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, हाडं कधी मोजली होती काय? मोजली होती. आकडा काय आला, ते मोजणाऱ्यांनाच ठाऊक.

हाडांची झीज दुखत नाही, हाच तिचा कावा. आपलं हाड जन्मभर मोडत आणि बांधत असतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं भरतात. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा भरलेला असतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि खाणाऱ्या पेशींचं फावतं. बाई बाहेरून ठणठणीत, डोक्यावर गवताचा भारा घेऊन येते. आतला वासा वाळवीने पोखरलेला. पहिली खबर मिळते ती हाड मोडल्यावर. टाचेच्या अल्ट्रासाउंडवरून निदान होत नाही, हे मला मान्य आहे. निदानाला खुब्याचा आणि कण्याचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा खास एक्स-रे, लागतो आणि टी-स्कोअर (तरुण हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पण ज्या बाईचा टाचेचा आकडा फार खाली आला, तिला 'डेक्सा करून घे, तोवर जपून चाल' एवढं सांगायला अभ्यासाचा आराखडा आडवा आला, हे मला पटवून घेता येत नाही.

तुम्हाला आमच्या टाचा का हव्या होत्या, तेही मला कळतं. ब्रिटनमध्ये सव्वाचार लाखांहून जास्त लोकांच्या टाचेची अशीच मापं आणि त्यांचे जनुकीय नमुने ताडून पाहिले, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. हाडांच्या घनतेशी जोडलेली पाचशेवर जनुकीय ठिकाणं त्यातून निघाली. ती माणसं युरोपीय वंशाची होती. डेक्साचा टी-स्कोअरसुद्धा जागतिक शिफारशीप्रमाणे अमेरिकेतल्या तरुण गोऱ्या स्त्रियांच्या हाडांशी तुलना करून काढतात. तेव्हा भाताच्या चिखलात वाकून रोप लावणाऱ्या, रोज भात-आमटी आणि आंबील खाणाऱ्या बाईचं हाड कसं असतं, हे जगाला ठाऊक नाही. ते शोधायलाच हवं. आम्ही रक्त दिलं ते यासाठीच, कुणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे.

या जिल्ह्याने संशोधनाला कधी पाठ दाखवलेली नाही. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, घरी आणि उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉल या गोळीचा अभ्यास झाला. गोळी देणाऱ्या होत्या आपल्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाई. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव गोळी न मिळालेल्यांत १२ टक्के, गोळी मिळालेल्यांत ६.४ टक्के. २००६ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. पुढे कितीतरी देशांतल्या बायका जगल्या, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या बायकांच्या सहभागाचा वाटा आहे. या गोष्टीचा मला अभिमान आहे. शाळेत मुलांना मी हे सांगत असे. पाठ्यपुस्तकात ते नाही, असायला हवं.

म्हणजे संशोधनाशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते माणूस मोजून झाल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवण्याशी.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, अहवालाची. जनुकीय निष्कर्ष लोकांच्या हातात सरसकट देऊ नयेत, याला कारणं आहेत. एखाद्या जनुकातल्या फरकाचा अर्थ शास्त्रज्ञांनाच नक्की ठाऊक नसतो; तो कागद हातात आला की घरात घबराट, सुनेच्या माहेरावर खापर, मुलीचं लग्न अडणं, हे सगळं होऊ शकतं. ते मी समजू शकते. पण हिमोग्लोबिन? व्हिटॅमिन डी? कॅल्शियम? टाचेचा आकडा? यात कसलं गूढ आहे? बाजारातल्या लॅबमध्ये पैसे मोजले की संध्याकाळी याच गोष्टी छापील कागदावर मिळतात. फुकट रक्त देणाऱ्या बाईलाच तेवढ्या मिळू नयेत, असं का?

आणि जनुकीय तपासणीचा निकालही गरिबाच्या हातात नीट समजावून देता येतो, हे सरकारनेच मान्य केलेलं आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, त्यात कर्नाटकही आहे. तपासलेल्या माणसाला त्याच्या निकालाचं कार्ड द्यायचं आणि लग्नाआधी ते कसं वाचायचं हे समजावून सांगायचं, अशी त्यात व्यवस्था आहे. आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी वस्त्या आहेत. २०२० पासून बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जाही आहे. सिकलसेलचं कार्ड समजावून देता येतं, तर व्हिटॅमिन डीचं का नाही?

दुसरी, संमतीची. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत माहिती द्यायची, संमतिपत्राची एक प्रत त्याला द्यायची, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर ठेवायचा. आमच्या गावात एकाही बाईकडे संमतिपत्राची प्रत नाही. साक्षीदार म्हणून माझीच सही घेतली आणि दुभाषीही मीच. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या पट्ट्यात मराठी बोलणारे लोक आहेत हे काही गुपित नाही. जनगणनेत आहे, मतदारयादीत आहे, तुमच्याच दवाखान्याच्या ओपीडीत रोज दिसतं. मोबाइलवरच्या ॲपवाल्यांनासुद्धा २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत सूचना वाचायचा पर्याय ठेवायला सांगितलं आहे. रक्त घेणाऱ्याने त्याहून कमी करावं काय?

कुणी याला सीमाप्रश्नाचा रंग देईल, म्हणून आधीच सांगते. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे त्याचं काय व्हायचं ते होईल. माझ्या शेजारच्या गल्लीतल्या कन्नड बायकांनाही त्यांच्या संमतिपत्राची प्रत मिळालेली नाही. त्यांच्या वतीनेही मी हे लिहिते आहे, त्यांना विचारून.

तिसरी तक्रार उरलेल्या नमुन्यांची आहे, आणि तिच्यावर मी थोडं थांबणार आहे. 'पुढील संशोधनासाठी' म्हणजे कशासाठी? कुणाच्या? कुठल्या शहरातल्या फ्रीजरमध्ये? किती वर्षं? जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या ८३ लोकसमूहांतल्या दहा हजारांवर लोकांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचला गेला. तो डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांसाठी खुला केल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं. कुठे ठेवला, कुणाला मिळणार, कुठल्या नियमाने, हे निदान वर्तमानपत्रात वाचायला मिळालं. आमच्या गावच्या नळ्यांबद्दल तेवढंही नाही.

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. नेदरलँड्समध्ये उर्क नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांत, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत, हाडं प्रमाणाबाहेर घट्ट होण्याचा दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. त्या कुटुंबांच्या रक्तावरून २००१ मध्ये एसओएसटी हे जनुक सापडलं. ते स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन बनवतं आणि ते प्रथिन हाड भरण्याच्या कामाला लगाम घालतं. तो लगाम सैल केला तर हाड वाढतं, या एका धाग्यावरून रोमोसोझुमॅब हे औषध तयार झालं. २०१९ मध्ये जपान आणि अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आज जगात ज्याला परवडतं त्याच्या ठिसूळ हाडांवर ते चालतं.

आणि आपल्याच राज्यात, शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात, हंदिगोडू आहे. १९७० च्या दशकात तिथल्या दलित मजूर कुटुंबांत खुब्याचे सांधे झिजून माणसं लंगडी आणि ठेंगणी होत असल्याचं उजेडात आलं. आधी संशय भातखाचरातल्या खेकड्यांवर गेला: शेतात कीटकनाशक फवारलेलं आणि मजूर ते खेकडे खाणारे. पुढे घराण्यांच्या वंशावळी मांडल्यावर दिसलं की हा दोष आनुवंशिक आहे, आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरतो. अनेक पथकं आली, एक्स-रे काढले, रक्त नेलं, आजाराला त्या गावाचं नावही मिळालं. मूळ दोष दुरुस्त करणारं औषध अजून नाही. शास्त्राला सगळं लगेच सापडत नाही, हे मान्य. पण उर्कच्या रक्तातून औषध निघतं आणि हंदिगोडूच्या वाट्याला आजाराला दिलेलं नाव येतं, हे एका शिक्षिकेला तरी विसरता येत नाही. आमच्या नळ्यांतून उद्या काही निघालंच, तर आम्ही या दोन गावांपैकी कुठल्या रांगेत असू?

चौथी, बियाण्याची. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, तिच्यातली फायटेट आणि ऑक्झलेट ही द्रव्यं आडवी येतात, तरी दुसऱ्या कुठल्या धान्यात एवढं सापडणार नाही. म्हणूनच हाडांचा अभ्यास करणाऱ्यांना आमच्या कणगीतली पुडी हवी होती. नाचणीचा जीनोम २०१७ मध्ये बेंगळूरुच्या कृषी विद्यापीठाने एमएल-३६५ या वाणावर वाचून प्रसिद्ध केला, त्यामुळे कॅल्शियम कुठल्या जनुकांमुळे भरतं आणि करप्याला कुठली जात टिकते हे शोधायची वाट उघडली. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या दिरांनी दिलेली नाचणी त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली, डोंगरउतारावरची, खताशिवाय येणारी. त्या पुडीवर गावाचं नाव लिहिलं होतं का, देणाऱ्याचं लिहिलं होतं का, दिरांना आठवत नाही आणि मलाही नाही. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची त्याच्या नावाने नोंद होऊ शकते आणि त्या वाणापासून कुणी नवं वाण काढलं तर लाभातला वाटा मागता येतो. पण नोंदच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

हेच बेळगावच्या बासमतीचं. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात तो पिकायचा, भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर यायची. आता बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात उभ्या पिकात शिरतं, बाकीचं शिवार प्लॉट आणि रस्ते खातात. ज्यांच्याकडे अजून जुनं बी आहे त्या घरांत म्हातारे आहेत. त्यांच्यानंतर ते बी शीतगृहातल्या पाकिटात उरेल, नाहीतर उरणारच नाही. सुगंधाचं जनुक शोधणाऱ्यांनी आधी त्या म्हाताऱ्यांची नावं वहीत लिहून घ्यावीत.

पाचवी तक्रार तुमच्या कुणा एकाची नाही, दोन राज्यांच्या मधल्या भेगेची आहे. माझ्या वन्सं निपाणीजवळ दिलेल्या आहेत. त्या भागात हाड मोडलं की माणूस कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो, आमच्याकडचे काही गोव्याला बांबोळीला जातात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावर दोन्ही सरकारांत वाद झाला. वादाचं सोडा. निपाणीच्या बाईचा खुबा कोल्हापुरात बसवला, तर तो बेळगाव जिल्ह्याच्या कुठल्या कागदावर दिसणार? उद्या तुम्हीच लिहाल की या जिल्ह्यात खुब्याची मोड कमी आहे, आणि त्यावरून ठरेल की इथे डेक्साचं यंत्र लागत नाही.

पिकाचंही तेच. सोयाबीनचा तांबेरा हा रोग वाऱ्यावर पसरतो. कागवाड तालुक्यातलं उगार खुर्द हे तांबेऱ्याचं इतकं हमखास ठिकाण की कुठलं वाण टिकतं ते बघायला धारवाडचे शास्त्रज्ञ तिथेच चाचण्या लावतात. त्या कामातून तांबेऱ्याला दाद न देणारं डीएसबी-२१ हे वाण आलं. उगारहून फार लांब नाही, सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं केंद्र आहे; तिथून फुले संगम आलं, तेही तांबेऱ्यात बऱ्यापैकी तगतं. कृष्णेचं पाणी दोघांना तेच आणि रोगही तोच. पण आमच्याकडे कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात सवलतीच्या पिशवीत काय येणार ते एक राज्य ठरवतं, मिरजेच्या दुकानात काय मिळणार ते दुसरं. दोन्ही वाणं एकाच शेतात शेजारी लावून निकाल मराठीत आणि कन्नडमध्ये पेरणीआधी सांगायला कुणाची हरकत आहे?

सहावी छोटी आहे. निपाणीच्या वखारींत वर्षानुवर्षं तंबाखूच्या धुळीत वाकून बसलेल्या, घरी विड्या वळणाऱ्या बायकांचे कणे कुणी मोजले आहेत काय? आणि जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथे बोअरचं पाणी आणि ज्वारी हाच आहार, तिथे हाडं मोजताना पाण्यातलं फ्लोराइडही मोजायला हवं. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा आहे. फ्लोराइडच्या पट्ट्यात ज्वारी खाणाऱ्यांचे गुडघे वाकतात हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच छापलं होतं. जिथे पथकाच्या गाडीला जायला सोपं, तिथलीच हाडं मोजू नका.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत. बहुतेक तुमच्याच नियमांत लिहिलेल्या आहेत.

ज्यांचं रक्त घेतलं आणि हाड मोजलं, त्या प्रत्येकीला तिच्या साध्या तपासण्यांचा अहवाल द्या, ती मागेल त्या भाषेत, बंद पाकिटात. तो आशा कार्यकर्ती आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून समजावून द्या. जनुकीय निष्कर्ष द्यायचे नसतील तर का नाही, ते कारण एका पानावर लिहून द्या. ज्यांचे आकडे धोक्याचे होते त्यांना आधी गाठा; त्या आजही बांधावरून चालताहेत.

ज्यांना पुढची तपासणी लागेल त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डेक्साचा ठरलेला दिवस असावा आणि तालुक्याहून न्यायची सोय असावी. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात संपलेल्या नसाव्यात. हे जिल्हाधिकारी साहेबांनी बघावं. अभ्यासाला परवानगी देतानाच संस्थेकडून याचा खर्च मागता येईल.

यापुढे बेळगाव जिल्ह्यात कुठल्याही अभ्यासाचं संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत असावं, प्रत घरी ठेवायला मिळावी, साक्षीदार वेगळा आणि दुभाषी वेगळा असावा. दुभाष्याला मानधन द्या. मी मागत नाही, पुढच्या मुलीला द्या.

उरलेले नमुने कुठे आहेत, किती काळ राहणार, कुठल्या कामासाठी दिले जाणार, हे लेखी कळवा. नव्या कामासाठी ते वापरायचे असतील तर पुन्हा गावात येऊन संमती घ्या. ज्यांना नमुना परत घ्यायचा किंवा नष्ट करून हवा असेल त्यांच्यासाठी एक पानाचा अर्ज ठेवा. आज तसा अर्ज कुठे मिळतो तेही कुणी सांगत नाही.

एथिक्स कमिटीत समाजातून घेतलेला एक सामान्य सदस्य असतो. तो शहरातला निवृत्त अधिकारी किंवा ओळखीचा वकीलच असला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. खानापूर, निपाणी, कागवाडच्या खेड्यातली एखादी आशा, एखादी बचत गटाची अध्यक्ष तिथे बसू द्या. इंग्रजी येत नसेल तर बैठकीत समजावून सांगा. ज्यांचं रक्त घ्यायचं त्यांना समजावून सांगायचंच आहे, त्याची तालीमही होईल.

धान्याचे आणि बियाण्याचे नमुने नेताना गावाचं आणि देणाऱ्याचं नाव नोंदवा, पोच द्या, आणि आमच्या नाचणीसारख्या, बेळगावच्या बासमतीसारख्या वाणांची शेतकऱ्यांच्या नावाने नोंद करायला कृषी विद्यापीठाने मदत करावी. गावच्या जैवविविधता नोंदवहीत त्या वाणांची पानं भरलेली असावीत. तशी वही असते हे आमच्या पंचायतीत बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि गोवा इथल्या मोठ्या रुग्णालयांनी खुब्याच्या मोडीची एक सामायिक नोंद ठेवावी, रुग्ण कुठल्या तालुक्याचा हे त्यात असावं. नाव नको, तालुका पुरे. याला दोन मुख्यमंत्र्यांची भेट लागत नाही, चार अस्थिरोग विभागप्रमुखांची बैठक पुरेल.

हे पत्र आमच्या पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवलं जाणार आहे. तोवर तुमच्यापैकी कुणाचं उत्तर आलं तर तेही त्याच सभेत वाचू आणि पंचायतीच्या फलकावर लावू. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, दोन्ही वाचायला माणसं आहेत. समक्ष यायचं असेल तर सुगी सोडून कुठल्याही बुधवारी या, बायका घरी असतात. नमुना परत मागणाऱ्यांची नावं मी वेगळ्या कागदावर लिहून घेते आहे. सभेपर्यंत उत्तर आलं नाही तर तो कागद संबंधित संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे रजिस्टर पोस्टाने जाईल आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आवक-जावक विभागात देऊन शिक्का घेतला जाईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव